घोडे गंगेपर्यंत येते, पण न्हात नाही

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. नववीत असताना, ४ जुलै १९९८ च्या शनिवारी रात्री आठ वाजता, शेजाऱ्यांकडच्या केबलवर मी विश्वचषकातला नेदरलँड्स विरुद्ध अर्जेंटिना हा सामना पाहिला. अगदी शेवटच्या मिनिटाला डेनिस बर्गकॅम्पने मागून आलेला लांबलचक पास एका स्पर्शात हवेतून खाली उतरवला, दुसऱ्या स्पर्शात बचावपटूला चकवले आणि तिसऱ्या स्पर्शात गोल केला, तेव्हापासून मी त्या नारिंगी संघाचा झालो. तीनच दिवसांनी तो संघ उपांत्य सामन्यात ब्राझीलकडून पेनल्टीवर हरला. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

त्यानंतर २००० च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या, स्पर्धेचा उपांत्य सामना, २०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, २०१४ चा उपांत्य सामना, २०२२ चा उपांत्यपूर्व सामना आणि २०२४ च्या युरोचा उपांत्य सामना अशी मालिकाच लागली. संघ वाईट असता, तर मी कधीच नाद सोडला असता. परंतु आम्ही ब्राझीलला हरवतो, स्पेनचा ५-१ असा धुव्वा उडवतो आणि ऐन वेळी हातातोंडाशी आलेला घास घालवून बसतो. नाशिकच्या भाषेत सांगायचे, तर आमचे घोडे गंगेपर्यंत येते, पण न्हात नाही. २०२२ मध्ये अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे गेल्यावर मी वैतागून टीव्ही बंद केला आणि झोपलो. भाच्याने फोन करून उठवले, तोवर आमच्या संघाने दोन्ही गोल फेडले होते. मी टीव्ही लावला आणि आम्ही पेनल्टीवर हरलो. तेव्हापासून माझी आई मला पांढऱ्या पायाचा म्हणते. सकाळी कान्हेरे मैदानावर फिरायला येणारे माझे तिघे मित्र अर्जेंटिनाचे चाहते आहेत, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

हा संघ मनाने कच्चा आहे का, म्हणजे क्रिकेटमध्ये ज्यांना चोकर्स म्हणतात तसा? आणि माझी बारा वर्षांची मुलगी विचारते, “बाबा, तुमची टीम एवढी चांगली आहे, तर जिंकत का नाही?” तिला मी काय सांगावे?

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पांढऱ्या पायाचा आरोप आधी निकालात काढतो, कारण तेवढाच सोपा आहे. २०१० चा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री बाराला सुरू झाला, तो तुम्ही पाहिला आणि संघ हरला. २०२२ मध्ये तुम्ही झोपी गेलात, तरी संघ हरलाच. १९७८ मध्ये तर तुमचा जन्मही झालेला नव्हता, तरीही ब्युनोस आयरिसच्या अंतिम सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना नव्वदाव्या मिनिटाला रॉब रेन्सेनब्रिंकने मारलेला चेंडू खांबावर आपटून परत आला आणि जादा वेळेत अर्जेंटिनाने ३-१ असा विजय मिळवला. हे सारे तुमच्या मातोश्रींना वाचून दाखवावे. त्यांचे समाधान होईलच, असे मात्र नाही.

आता मूळ प्रश्न. आपण एखाद्या संघाला चांगला म्हणतो, तेव्हा मनातल्या मनात असे धरून चालतो की, त्याने मोठा सामना जिंकायलाच हवा. परंतु मोठ्या सामन्यात समोरचा संघही तितकाच चांगला असतो, आणि फुटबॉल हा अत्यंत कंजूष खेळ आहे. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे दोन्ही संघ मिळून एका सामन्यात तीनसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये एक झेल सुटला, तरी उरलेल्या षटकांत त्याची भरपाई करता येते. फुटबॉलमध्ये खांबाला लागून बाहेर गेलेला एक चेंडू हाच पुष्कळदा सामन्याचा निकाल असतो.

थोडे गणित करून पाहा. बाद फेरीतला प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६५ टक्के आहे, इतका सरस संघ आहे असे समजा; विश्वचषकाच्या पातळीवर हे प्रमाण फारच उदार आहे. ३२ संघांच्या विश्वचषकात बाद फेरीचे चार सामने ओळीने जिंकावे लागत असत. ६५ टक्क्यांचा चार वेळा गुणाकार केला की हाती १८ टक्के उरतात. म्हणजे असा बलाढ्य संघसुद्धा बाद फेरी गाठलेल्या पाच-सहा विश्वचषकांतून एखादाच जिंकेल, आणि उरलेल्या प्रत्येक वेळी तो कुठल्या ना कुठल्या मोठ्या सामन्यात हरलेलाच दिसेल. ४८ संघांच्या नव्या रचनेत हेच पाच सामने होतात आणि शक्यता १२ टक्क्यांच्या आत येते.

नाशिककरांना जवळचे उदाहरण द्यायचे, तर बुद्धिबळपटू विदित गुजराथी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथे झालेल्या ग्रँड स्विस स्पर्धेतला पहिलाच डाव हरला होता. स्पर्धा अकरा फेऱ्यांची असल्यामुळे त्याला सावरायला वेळ मिळाला आणि साडेआठ गुणांसह त्याने ती जिंकून जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत स्थान मिळवले. तीच स्पर्धा एका डावाच्या बाद पद्धतीने झाली असती, तर पहिल्याच संध्याकाळी तो सामान बांधून निघाला असता आणि आपण इथे बसून त्याच्या मनोबलावर चर्चा करत राहिलो असतो.

हे झाले बचावाचे वकीलपत्र. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे तुमची समजूत काढणे होईल, आणि माझ्या मते तुमच्या संघाचे काही पराभव केवळ गणिताने झालेले नाहीत.

त्यातला पहिला आणि सर्वात मोठा ७ जुलै १९७४ चा, म्युनिकमधला. त्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत नेदरलँड्सने १४ गोल केले होते आणि त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाने. अंतिम सामना सुरू झाला तो डच खेळाडूंच्या पासेसनी. डच कर्णधार योहान क्रायफ एकटा चेंडू घेऊन आत घुसला, त्याला पाडण्यात आले, पंचांनी पेनल्टी दिली आणि नीस्केन्सने गोल केला. पश्चिम जर्मनीच्या खेळाडूचा चेंडूला पहिला स्पर्श झाला, तो गोलरक्षक झेप मायरने जाळ्यातून चेंडू बाहेर काढला तेव्हा. यानंतर दुसरा गोल करून सामना संपवण्याऐवजी डच संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत यजमानांना खिजवत बसला. पुढे काही डच खेळाडूंनी हे स्वतःच मान्य केले. पंचविसाव्या मिनिटाला ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली, त्रेचाळिसाव्या मिनिटाला गेर्ड म्युलरने दुसरा गोल केला आणि मध्यंतरानंतर कितीही धडका मारल्या, तरी डच संघाला तो फेडता आला नाही. याला मनाचा कच्चेपणा म्हणता येणार नाही. तो उन्माद होता, आणि उन्मादाची शिक्षा मिळाली असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

दुसरा २९ जून २००० चा. यजमान नेदरलँड्स, मैदान ॲमस्टरडॅमचे, समोर इटली, आणि चौतिसाव्या मिनिटापासून इटलीचे खेळाडू दहाच. भर सामन्यात डच संघाला दोन पेनल्टी मिळाल्या; फ्रँक डी बोअरची इटलीचा गोलरक्षक तोल्दोने अडवली, क्लायव्हर्टची खांबाला लागली. गोलशून्य बरोबरीनंतर शूटआउटमध्ये, म्हणजे निकालासाठी दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात त्यात, डच संघाने आणखी चार मारल्या आणि त्यांतली एकच आत गेली. एका संध्याकाळी सहा पेनल्टी आणि गोल एक! पेनल्टीवर साधारणपणे चारांत तीन वेळा गोल होतो, हे लक्षात घेतले की त्या संध्याकाळचे नवल आणखी वाढते. १९९२, १९९६, १९९८ आणि २००० अशा चार मोठ्या स्पर्धांत नेदरलँड्स पेनल्टी शूटआउटवर बाहेर पडले. पेनल्टीचा सराव करून उपयोग नाही, प्रत्यक्ष सामन्याचे दडपण सरावात आणता येत नाही, हा समज त्या काळी फुटबॉलमध्ये सर्वत्र होता. डच फुटबॉलमध्ये त्याला थोडी सौंदर्यदृष्टीचीही जोड होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. जणू काही पेनल्टी हा खेळाचा भागच नाही, ती कारकुनी आहे. जो भाग आपल्याला हलका वाटतो, त्याच भागात वारंवार मार बसत असेल, तर दोष नशिबावर ढकलता येत नाही.

तिसरा पराभव २०१० चा. पात्रता फेरीचे आठ आणि मुख्य स्पर्धेचे सहा, असे चौदा सामने ओळीने जिंकून आलेला संघ जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात स्पेनसमोर उभा राहिला आणि स्वतःचा खेळ सोडून समोरच्याचा खेळ मोडायला निघाला. नायजेल डी याँगने शाबी अलोन्सोच्या छातीवर बूट रोवला, तरी त्याला केवळ पिवळे कार्ड मिळाले, हे त्याचे नशीब. स्वतः क्रायफने या खेळावर उघड टीका केली. गंमत अशी की, ही चाल जवळजवळ यशस्वी झाली होती. बासष्टाव्या मिनिटाला आर्येन रॉबेन एकटा स्पेनचा गोलरक्षक कासियासच्या समोर आला होता, कासियास एका बाजूला झेपावलाही होता, परंतु मागे राहिलेल्या त्याच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. तो आत गेला असता, तर आज त्याच धसमुसळ्या खेळाला आपण शिस्त म्हटले असते. ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल केला आणि तुमची रात्र वाया गेली.

आता या तिन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. एकदा संघ गर्वाने हरला, एकदा पेनल्टीच्या तयारीत उणा पडला, एकदा स्वतःवर विश्वास न ठेवल्यामुळे अडखळला. १९७८ मध्ये तर यांपैकी काहीच नव्हते; तिथे आडवा आला तो फक्त एक खांब. खेळाडू वेगळे, प्रशिक्षक वेगळे, कारणेही वेगळी. या सर्वांना एकाच दोरीत बांधून “मनाने कच्चा” अशी चिठ्ठी लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. नेदरलँड्स म्हणजे क्षेत्रफळाने नाशिकसारख्या तीन जिल्ह्यांत मावेल एवढा देश आहे आणि त्याची लोकसंख्या पावणेदोन-दोन कोटींच्या घरात आहे. २०२२ पर्यंतच्या २२ विश्वचषकांत विजेते देश आठच झाले. ज्यांनी कधी उपांत्य फेरीही पाहिली नाही, अशा डझनावारी देशांना चोकर्स कोणी म्हणत नाही. तो शिक्का बसण्यासाठी आधी दारापर्यंत पोहोचावे लागते.

शिवाय हा शिक्का किती कच्च्या शाईचा असतो, हे तुमच्या कान्हेरे मैदानावरच्या मित्रांना विचारावे. त्यांचा अर्जेंटिना २०१४ मध्ये विश्वचषकाचा, २०१५ आणि २०१६ मध्ये कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धेचा असे ओळीने तीन वर्षांत तीन अंतिम सामने हरला. तिसऱ्यात मेस्सीने पेनल्टी आकाशात मारली आणि निराश होऊन राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली, ती नंतर मागे घेतली. त्या काळात हे मित्र सकाळी फिरायला येत होते का, याची चौकशी जरूर करा. स्पेनलाही २००८ पर्यंत हेच ऐकावे लागत होते. त्यानंतर त्यांनी चार वर्षांत दोन युरो आणि एक विश्वचषक जिंकला. क्रिकेटमधल्या ज्या दक्षिण आफ्रिकेवरून तुम्ही हा शब्द उचलला, त्यांनी जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद मिळवले. आणि आपला स्वतःचा संघ २०२३ मध्ये ओळीने दहा सामने जिंकून १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत हरला, तेव्हा गल्लोगल्ली हेच बोलले गेले. सात महिन्यांनी बार्बाडोसमध्ये तोच कर्णधार सात धावांनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. त्यांनी त्या केल्या असत्या, तर आपल्या खेळाडूंच्या मनाबद्दल आज आपण काय लिहीत असतो, याची कल्पनाच केलेली बरी.

मुलीचा प्रश्न उरला. तिला गणित सांगू नका. बारा वर्षांच्या मुलीला बाबांची टीम १८ टक्के आहे, हे ऐकून काहीच मिळणार नाही. तिला १९८८ ची युरो स्पर्धा दाखवा, कारण तिथे तुमचे घोडे गंगेत न्हाले आहे. नेदरलँड्स त्या स्पर्धेतला पहिलाच सामना सोव्हिएत संघाकडून हरले. आयर्लंडविरुद्ध बरोबरी झाली असती, तरी ते घरी गेले असते. ब्याऐंशीव्या मिनिटाला बदली आलेल्या विम कीफ्टच्या डोक्याला लागून चेंडू विचित्र फिरकी घेत आत गेला, म्हणून ते वाचले. आठच संघांची स्पर्धा असल्यामुळे बाद फेरीचे दोनच सामने जिंकायचे होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. उपांत्य सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला तिच्याच भूमीवर हरवले आणि २५ जूनला अंतिम सामन्यात पुन्हा तोच सोव्हिएत संघ समोर आला. गुलिटने पहिला गोल केला होता. चौपन्नाव्या मिनिटाला म्युरेनने डावीकडून उंच चेंडू टाकला आणि मार्को व्हान बास्टेनने, जिथून गोल करायला जागाच नव्हती अशा उजवीकडच्या कोनातून, तो जमिनीवर पडण्याआधीच पलीकडच्या जाळ्यात धाडला. त्या क्षणी कॅमेरा डच प्रशिक्षकांकडे वळतो. विश्वास न बसून त्यांनी हात चेहऱ्यावर नेलेला असतो. ते रीनस मिशेल्स. १९७४ मध्येही तेच प्रशिक्षक होते, आणि हे मैदानही म्युनिकचे तेच ऑलिम्पिक स्टेडियम होते.

प्रश्न : मी देवळाली कॅम्प परिसरात शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. आमचा संघ गेल्या दोन आंतरशालेय स्पर्धांत चांगला खेळूनही पेनल्टीवर बाहेर पडला. पालक म्हणतात, पेनल्टी म्हणजे लॉटरी, तिचा सराव काय करायचा? तुमचे मत कळवावे.

— एक प्रशिक्षक, देवळाली कॅम्प

उत्तर : वरच्या उत्तरात माझे मत आलेच आहे. अकरा मीटरवरून, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीत चेंडू मारणे ही लॉटरी नव्हे. इंग्लंडचा संघ १९९० ते २०१२ या काळात सातपैकी सहा शूटआउट हरला आणि तिथेही लोक लॉटरीच म्हणत असत. १९९६ च्या उपांत्य सामन्यात ज्याची पेनल्टी अडवली गेली, तो गॅरेथ साउथगेटच पुढे प्रशिक्षक झाला. त्याने २०१८ च्या विश्वचषकापूर्वी खेळाडूंकडून ठरवून तयारी करून घेतली आणि कोलंबियाविरुद्ध इंग्लंड जिंकले. तीन वर्षांनी वेम्बलीवर इटलीविरुद्ध तेच इंग्लंड पुन्हा हरले, हेही खरे. तयारीने खात्री मिळत नाही, फक्त शक्यता वाढते.

मुलांकडून नुसती नेमबाजी करून घेऊ नका. सरावाच्या शेवटी, ती दमलेली असताना, सर्वांना मध्यरेषेवर उभे करा आणि एकेकाला तिथून एकट्याने चालत जायला लावा. खरे दडपण त्या चालण्यातच असते. चेंडू ठेवल्यावर आणि शिट्टी वाजल्यावर एक पूर्ण श्वास घेऊन मगच धावायला सांगा. नॉर्वेचे अभ्यासक गाइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टींचा बारकाईने अभ्यास केला आहे, आणि शिट्टी वाजताच उरकून टाकण्याच्या घाईने धावणारे खेळाडू अधिक चुकतात, असे त्यांना आढळले आहे. चेंडू कुठे मारायचा, हे चालायला लागण्यापूर्वी ठरलेले असावे आणि गोलरक्षक हलला म्हणून ते बदलू नये. पाच जणांचा क्रम सामन्याच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण मैदानावर “कोण मारणार?” असे विचारले की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आणि ज्याची चुकेल, त्याच्याकडे चालत जाऊन त्याला परत घेऊन येणारा मुलगा कोण, तेही त्याच वेळी ठरवून टाका.